फॅरो बेटांवर पहिल्यांदा जाताना: व्हिसापासून साखळीनाचापर्यंत

फॅरो बेटांचे फोटो पाहून सहलीचा बेत आखणाऱ्यांचा एक ठरलेला गैरसमज होतो. फोटोत हिरवा कडा असतो, खाली समुद्र, वर धुके, आणि माणूस कुठेच नसतो. मग वाटते, ही मोकळी जमीन आहे, कुठूनही चढा, कुठेही बसा. प्रत्यक्षात तिथल्या गवताच्या प्रत्येक पट्ट्याला मालक आहे आणि त्या पट्ट्यावर किती मेंढ्या चरायच्या तेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. ‘मेंढीपत्र’ म्हणून ओळखला जाणारा तिथला कायदा १२९८ सालचा आहे, आणि त्यातला मुख्य विषय चराऊ जमिनीचे हक्क हाच आहे. त्यामुळे या बेटांवर पाऊल टाकताना दोन प्रश्न सतत सोबत ठेवा: ही जागा कुणाची, आणि आजची हवा काय करू देणार? पुढचे जवळजवळ सगळे या दोन प्रश्नांभोवतीच आहे.

स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलँड यांच्या मधल्या समुद्रात ही १८ बेटे आहेत. सगळ्यांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर, वस्ती साधारण ५५ हजार. राजधानी तोर्सहाव्न. बेटे डेन्मार्कच्या राज्यात मोडतात, पण १९४८ पासून त्यांना स्वतःचा कारभार आहे, स्वतःची संसद आहे आणि ती युरोपीय संघात नाहीत. या लेखात स्थानिक नावे त्यांच्या लिखाणाला धरून दिली आहेत. उच्चार बरेचदा वेगळा असतो. नकाशावरचे मिकिनेस बेट तिथल्या माणसाच्या तोंडी ‘मिचिनेस’ होते. म्हणून बसचालकाला किंवा बोटीवर जागेचे नाव सांगताना फोनवर लिहून दाखवलेले बरे.

आधी कागदपत्रे

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांची सर्वात महागडी चूक इथे होते. फॅरो बेटे शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर आहेत. साधा शेंगेन व्हिसा तुम्हाला कोपनहेगनपर्यंत नेईल, पुढच्या विमानासाठी तो आपोआप चालत नाही. व्हिसाच्या कागदावर तो फॅरो बेटांसाठीही वैध असल्याची स्पष्ट नोंद लागते. म्हणून:

१. अर्ज डेन्मार्ककडे करा आणि प्रवासाच्या तपशिलात फॅरोचे दिवस, तिथले राहण्याचे ठिकाण आणि विमानाची तारीख वेगळी दाखवा.
२. फॅरोसाठी नोंद हवी आहे हे अर्जासोबतच्या पत्रात एका वाक्यात लिहा.
३. परत येताना पुन्हा शेंगेनमध्ये शिरायचे असते, तेव्हा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा मागा.
४. पासपोर्ट हातात येताच, व्हिसा केंद्रातून बाहेर पडण्याआधी, नोंद वाचून पाहा. नंतर दुरुस्ती करायला वेळ जातो.

विमानतळ एकच, व्हागार बेटावर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने तो बांधला. कोपनहेगनहून उड्डाण साधारण सव्वादोन तासांचे आहे. समुद्रमार्गे जायचे तर डेन्मार्कच्या हिर्त्सहाल्स बंदरातून ‘नोरोना’ ही मोठी फेरीबोट सुटते आणि सुमारे दीड दिवसात तोर्सहाव्नला पोहोचते. स्वतःची गाडी न्यायची असेल तरच हा मार्ग सोयीचा. अटलांटिकच्या लाटा ज्यांना सोसत नाहीत त्यांनी विमानच घ्यावे.

हवा, आणि एक मोकळा दिवस

गल्फ स्ट्रीम या समुद्रप्रवाहाच्या कोमट पाण्यामुळे थंडी फार कडक पडत नाही. हिवाळ्यात सरासरी तीन-चार अंश, उन्हाळ्यात अकरा-बारा. त्रास थंडीपेक्षा वारा आणि ओल यांचा. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस कुठे ना कुठे पाऊस असतो, आणि एका बेटावर ऊन असताना शेजारच्या बेटावर काही दिसत नाही अशी स्थिती रोजची आहे. जूनमध्ये जवळजवळ १९ तास उजेड, डिसेंबरमध्ये जेमतेम पाच.

कपड्यांचा नियम साधा आहे. अंगालगत लोकर किंवा लवकर वाळणारा कपडा, त्यावर लोकरीचा स्वेटर, सगळ्यांवर पाणी आणि वारा दोन्ही अडवणारे जॅकेट आणि तशीच पँट. जीन्स घालू नका. एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि पायातली ऊब काढून घेते. छत्री घरीच ठेवा, तिथल्या वाऱ्यात ती पहिल्याच कोपऱ्यावर उलटते. बूट घोट्याच्या वर येणारे, तळाला खोल खाचा असलेले हवेत.

वेळापत्रक आखताना परतीच्या विमानाआधीचा एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. धुक्यामुळे व्हागारची विमाने रद्द होतात, लाटांमुळे छोट्या बोटी थांबतात. मिकिनेसच्या बोटीचे तिकीट विमानाच्या आदल्या दिवसाचे काढणारे दरवर्षी त्या बेटावर अडकतात. बोट गेली, दुपारी समुद्र खवळला, परतीची फेरी रद्द. हीच सहल मुक्कामाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवली तर रद्द झाली तरी दुसरी संधी उरते. सकाळी निघण्याआधी लँड्सवेर्क या सार्वजनिक बांधकाम खात्याचे रस्त्यांवरचे कॅमेरे आणि वाऱ्याचे आकडे संकेतस्थळावर पाहून घ्या. हवामानाच्या अंदाजापेक्षा त्या क्षणी खिंडीत काय दिसते आहे हे जास्त उपयोगी पडते.

गाडी, बस, बोट

तोर्सहाव्नमधल्या लाल शहरबस फुकट आहेत. गावोगावच्या निळ्या बस आणि बहुतेक फेरीबोटी सरकारी वाहतूक कंपनी चालवते. चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो, आणि भरपूर फिरायचे असेल तर तो परवडतो. पण लहान गावांना दिवसातून दोन-तीनच बस जातात. परतीची वेळ पाहिल्याशिवाय चढू नका. काही फेऱ्या आधी फोन करून सांगितले तरच सुटतात, त्यांची खूण वेळापत्रकात असते.

गाडी भाड्याने घेणार असाल तर गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, दिवे दिवसाही चालू ठेवायचे, वस्तीत वेगमर्यादा ५० आणि बाहेर ८०. समुद्राखालून जाणारे चार बोगदे आहेत: व्हागारला जोडणारा २००२ चा, क्लाक्स्विकचा २००६ चा, एस्तुरॉयचा २०२० चा आणि सांदॉयचा २०२३ चा. चारींना टोल आहे. भाड्याच्या गाडीचा टोल बहुधा कंपनी नंतर बिलात लावते, कसा ते किल्ली घेतानाच विचारा. एस्तुरॉयच्या बोगद्यात समुद्राच्या तळाखाली एक गोलचौक आहे. त्याच्या मधल्या खडकाच्या खांबाभोवती त्रोंदुर पातुरसन या कलावंताने हातात हात धरलेल्या माणसांच्या पोलादी आकृती उभ्या केल्या आहेत. ती माणसे काय करत आहेत ते खाली साखळीनाचाच्या भागात येईल. तिथे गाडी थांबवता येत नाही, फक्त वेग थोडा कमी ठेवा.

उत्तरेकडच्या बेटांवर जुने, एकाच गाडीपुरते रुंद आणि अंधारे बोगदे आहेत. आत ठरावीक अंतरावर बाजूला थांबायची जागा असते. नियम असा: ती जागा तुमच्या बाजूला असेल तर समोरचे दिवे दिसताच तुम्हीच तिथे शिरून थांबायचे. अंधारात समोरची गाडी जवळ आहे की लांब हे नवख्याला कळत नाही, म्हणून अंदाज बांधत बसू नका, पहिल्याच जागेत शिरा. दिवे मंद करा, समोरच्याला जाऊ द्या.

आणखी दोन गोष्टी. रस्त्यावर मेंढ्या असतात, काळ्या मेंढ्या संधिप्रकाशात अजिबात दिसत नाहीत. आई रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसले तर कोकरू धावणारच असे समजा. धडक बसली तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मेंढी कुणाची ते त्यांना शोधता येते. दुसरी गोष्ट दाराची. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करा आणि दार उघडताना दोन्ही हातांनी धरा. मागून आलेला झोत दार बिजागरीसकट वाकवतो, आणि हे नुकसान विम्यात धरतात की नाही हे आधीच विचारलेले बरे.

लांबच्या बेटांवर हेलिकॉप्टरही जाते, आणि भाडे सरकारी मदतीमुळे कमी आहे. ती सोय मुळात त्या बेटांवरच्या रहिवाशांसाठी आहे. पाहुण्यांनी एकाच बाजूचा प्रवास हेलिकॉप्टरने करावा, दुसरा बोटीने, अशी अपेक्षा असते. ती पाळा.

डोंगरावर चालताना

प्रत्येक गावाभोवती जमिनीचे दोन भाग पडतात. घरांलगतचा, दगडी बांधाच्या आतला भाग म्हणजे ‘बोउर’. इथे बटाटे आणि मेंढ्यांच्या हिवाळ्यासाठीचे गवत होते. बांधाबाहेर, डोंगरमाथ्यापर्यंतचा भाग म्हणजे ‘हागी’. तिथे मेंढ्या चरतात. बोउरमधल्या उभ्या गवतात पाय टाकणे म्हणजे कुणाच्या तरी चाऱ्यावर चालणे. दोन शेतांच्या कडेने पायवाट असते, ती शोधा. बांधातले फाटक ज्या स्थितीत सापडले त्याच स्थितीत सोडा. कुत्रा सोबत नको, आणि मेंढ्यांच्या कळपातून सरळ जाण्याऐवजी वळसा घाला. मे महिन्यात कोकरे लहान असतात तेव्हा तर नक्कीच.

रस्ते नव्हते तेव्हा गावातून गावात, चर्चला, मयताला, पत्र पोहोचवायला लोक डोंगरावरून जात. त्या जुन्या वाटांवर ठरावीक अंतरावर दगडांचे बुरूज रचलेले आहेत. त्यांना ‘वार्दी’ म्हणतात. एका बुरुजापासून पुढचा दिसावा अशा बेताने ते उभे आहेत. नवख्याने याच वाटा धराव्यात. काही प्रसिद्ध वाटांवर मालक शुल्क घेतात, काही ठिकाणी वाटाड्या सोबत लागतो. शुल्क पाहून रागावू नका: एकाच पायवाटेवर हजारो बूट पडले की ओले गवत उखडते, खालची माती धुपते आणि चारा जातो. त्या नुकसानीचा भार मालकावर पडतो. निघण्याआधी पर्यटन कार्यालयाच्या यादीत त्या वाटेची सध्याची अट पाहा. वसंतात दोन-तीन दिवस काही निवडक प्रेक्षणीय स्थळे पर्यटकांसाठी बंद ठेवतात आणि जगभरातून निवडलेले स्वयंसेवक वाटा दुरुस्त करतात. हा प्रघात २०१९ पासून आहे. तारखा त्या काळात येत असतील तर बेत बदलावा लागेल.

पहिल्या दिवसासाठी चांगली वाट म्हणजे तोर्सहाव्न ते किर्क्यूबोर. सुमारे सात किलोमीटर, दोन-अडीच तास, चढ सौम्य, बुरूज जवळजवळ. शेवटी मध्ययुगातल्या माग्नुस कॅथेड्रलच्या बिनछपराच्या भिंती, शेजारी आजही वापरातले संत ओलाव्हचे पांढरे चर्च, आणि पातुरसन घराण्याचा जुना लाकडी वाडा. वाड्याचा एक भाग पाहायला खुला असतो, उरलेल्या भागात कुटुंब राहते. खिडक्यांतून डोकावू नका. परतीला बस मिळते. दुसऱ्या टप्प्यात व्हागारच्या तळ्याची वाट घ्या. समुद्राच्या कड्यावर लटकल्यासारखे जे तळे फोटोत दिसते तेच हे. प्रत्यक्षात त्याचे पाणी समुद्रापासून तीस-चाळीस मीटरच वर आहे. उंची भासते ती कॅमेऱ्याच्या कोनामुळे. तळ्याच्या एका टोकाची माणसे त्याला सोर्वाग्सवात्न म्हणतात, दुसऱ्या टोकाची लेइतिसवात्न, आणि दोघांनाही आपलेच नाव खरे वाटते. ज्या गावात उभे आहात तिथले नाव वापरा. पाय सरावले की स्लेत्तारातिंदुर, ८८० मीटर, सर्वात उंच शिखर. गाडीरस्ता खिंडीपर्यंत जातो, तिथून तास-दीड तासाचा उभा चढ.

अपघात कशामुळे होतात हे समजून घेतले तर टाळता येतात. ही बेटे बेसाल्टच्या थरांची आहेत: गवताचा उतार, मग सरळ तुटलेली भिंत, पुन्हा उतार, पुन्हा भिंत. वरून पाहणाऱ्याला फक्त उतार दिसतात, मधल्या भिंती दिसत नाहीत. धुक्यात वाट चुकलेला माणूस खालच्या गावाचा आवाज ऐकून सरळ उतरू लागतो आणि भिंतीच्या डोक्यावर येऊन अडकतो. वर जाणे कठीण, खाली जाणे अशक्य. म्हणून पुढचा बुरूज दिसेनासा झाला की थांबा. मागचा दिसत असेल तर त्याच्यापाशी परत जा. तोही दिसत नसेल तर बसून राहा. धुके बरेचदा तासाभरात हलते. नाही हलले तर ११२ ला फोन करा. दुसरे कारण कड्याच्या कडेचे ओले गवत. उतार कडेपर्यंत तसाच जातो आणि अचानक संपतो, घसरायला सुरुवात झाली की धरायला काही नाही. कडेपासून दोन माणसांच्या उंचीइतके अंतर ठेवा. फोटो बसून काढा. तिसरे, ओढे. सकाळी उडी मारून ओलांडलेला ओढा दुपारच्या पावसानंतर कमरेला लागतो.

पक्ष्यांपैकी मोठा स्कुआ घरट्याजवळ आलेल्या माणसाच्या डोक्यावर झेपावतो. काठी डोक्याच्या वर उभी धरा, तो सर्वात उंच टोकावर मारा करतो. आणि वाट बदला. फुलमार या समुद्रपक्ष्याच्या कपारीजवळ जाऊ नका. तो तोंडातून तेलकट पिचकारी उडवतो आणि त्या जॅकेटचा वास धुण्याने जात नाही. पफिन एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत असतात. त्यांची बिळे गवताखाली असतात, वाट सोडून चाललात तर बीळ पायाखाली ढासळते.

ताटात काय येईल

फॅरोच्या खाण्याचा गाभा ‘रेस्त’ आहे, म्हणजे मीठ न लावता वाऱ्यावर आंबवलेले मांस आणि मासे. आपल्या किनाऱ्यावर बोंबील उन्हात वाळतो. तिथे उन्हाचा भरवसा नाही, तेव्हा सगळे काम वाऱ्याने करायचे. घराशेजारी, शक्यतो समुद्राच्या बाजूला, उभ्या लाकडी पट्ट्यांची खोपी असते. पट्ट्यांमध्ये अरुंद फटी असतात: खारा वारा आत येतो, पाऊस येत नाही. या खोपीला ‘ह्यालुर’ म्हणतात.

साधारण ऑक्टोबरात मेंढ्या कापतात आणि मांस खोपीत टांगतात. दोन-तीन महिन्यांत, नाताळच्या सुमारास, ते ‘रेस्त’ होते: बाहेरून गडद, वरून बुरशीचा थर, वासाला जुन्या चीजच्या जवळ. तसेच टांगून ठेवले की पाच ते नऊ महिन्यांत पूर्ण वाळून ‘स्केर्पिक्योत’ होते. सगळे यश पहिल्या काही आठवड्यांच्या हवेवर आहे. शरद ऋतू उबदार गेला तर माश्या बसतात आणि मांस आंबण्याऐवजी सडते. थंडी लवकर पडली तर आंबणे सुरूच होत नाही. वारा फार कोरडा असेल तर बाहेरचा थर आधी कडक होतो आणि चव येत नाही. म्हणूनच एका गावचे मांस दुसऱ्या गावच्या मांसासारखे लागत नाही, आणि जाणकार माणूस चवीवरून गाव ओळखल्याचा दावा करतो.

नवख्याने क्रम असा ठेवावा. आधी रेस्त मांसाचे सूप किंवा उकडलेले रेस्त मांस बटाट्यांबरोबर. शिजल्यावर वास बराच सौम्य होतो. मग उकडलेला रेस्त मासा, त्यावर ‘गार्नाताल्ग’ म्हणजे मेंढीच्या आतड्याभोवतीची आंबवलेली, वितळवलेली चरबी. स्केर्पिक्योत सगळ्यात शेवटी. ते न शिजवता खातात: धारदार सुरीने कागदासारखी पातळ चकती, लोणी लावलेल्या पावावर. जाड तुकडा घेतला तर पहिल्या घासातच हात आखडतो. नाकाने आधी निर्णय घेऊ नका, चव वासापेक्षा बरीच मऊ असते. पोट नाजूक असेल तर पहिल्या दिवशी दोन-तीन चकत्या पुरे.

पायलट व्हेलची शिकार, ‘ग्रिंद’, हा विषय कधी ना कधी निघतो. कळप किनाऱ्याजवळ दिसला तर जिल्हा अधिकाऱ्याच्या परवानगीने, ठरवून दिलेल्या उपसागरांतच ती होते. मारणाऱ्याकडे प्रशिक्षणाचा परवाना लागतो, आणि मांस विकण्याऐवजी सहभागी लोकांत आणि गावात वाटले जाते. २००८ मध्ये तिथल्याच मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पाऱ्याच्या प्रमाणामुळे हे मांस माणसाने खाऊ नये असे सांगितले. यावर तुमचे मत काहीही असो, शिकारीत अडथळा आणणे तिथे गुन्हा आहे, आणि जेवणाच्या पहिल्या पाच मिनिटांत वाद उकरून काढणे असभ्य आहे. ताटात आले आणि नको असेल तर ‘नको, आभारी आहे’ एवढे पुरते. विचारायचे असेल तर मोकळेपणाने विचारा. बहुतेक लोक सविस्तर बोलतात, आणि त्यांच्यातही मतभेद आहेत.

शाकाहारी माणसाने स्वयंपाकघर असलेलीच खोली घ्यावी. गावातल्या एकुलत्या कॅफेत सूप, पाव, वॅफल आणि रुबार्बचा, म्हणजे आंबट लाल देठांचा, जॅम मिळेल. भाजीचे जेवण मिळेलच असे नाही. तोर्सहाव्न आणि क्लाक्स्विकच्या सुपरमार्केटमध्ये तांदूळ, डाळी, भाज्या मिळतात, मसाले घरून न्या. रविवारी बरीच दुकाने बंद असतात, शनिवारीच खरेदी करा. मद्य सरकारी दुकानांतच मिळते आणि ती लवकर बंद होतात. सौम्य बिअरला तेवढा अपवाद.

चांगले खायचे असेल तर ‘हाइमाब्लिद्नी’ शोधा: कुटुंबे स्वतःच्या घरी, पैसे घेऊन, पाहुण्यांना जेवू घालतात. काही दिवस आधी नोंदणी करा, काय खात नाही ते तेव्हाच कळवा, वेळेवर पोहोचा, आणि बूट दारात काढा. बूट काढण्याची रीत प्रत्येक घरात आहे. यजमानाला मेंढ्यांबद्दल विचारा, संध्याकाळ कशी गेली कळणार नाही.

ओलाव्सोका

वर्षातला मोठा सण २८ आणि २९ जुलैला, तोर्सहाव्नमध्ये. १०३० साली २९ जुलैला नॉर्वेत मारला गेलेला राजा ओलाव्ह हा त्याचा संत. आणि त्याच दिवशी ‘लोगतिंग’ या संसदेचे नवे सत्र उघडते. राहण्याची जागा कित्येक महिने आधी भरते, उशीर झाला तर जवळच्या गावात खोली घेऊन बसने या.

२८ तारखेला मिरवणूक आणि बंदरात होड्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी. होड्या जुन्या नॉर्स बांधणीच्या, ‘पाच माणसांची’, ‘सहा माणसांची’, ‘आठ माणसांची’ आणि ‘दहा माणसांची’ अशा नावांच्या वर्गांत. जूनपासून गावोगावच्या जत्रांत गुण जमवत इथे शेवट होतो. पाहायला लवकर जा, धक्क्यावर जागा उरत नाही. २९ ला सकाळी खासदार आणि धर्मोपदेशक संसदेच्या इमारतीपासून कॅथेड्रलपर्यंत चालत जातात आणि परत येतात. त्यांच्या वाटेत उभे राहू नका, कडेला थांबा. जवळजवळ प्रत्येक जण पारंपरिक पोशाखात असतो. चांदीची बटणे, हाताने विणलेला आतला कपडा, बायकांच्या खांद्यावर शाल. फोटो काढण्याआधी विचारले तर लोक आनंदाने उभे राहतात. हे कपडे बहुतेक वेळा आजीकडून नातीकडे आलेले असतात, म्हणून हात लावू नका. मध्यरात्री हजारो लोक चौकात एकत्र गातात. गाण्यांचे शब्द छापलेले मिळतात, गुणगुणलात तरी चालते. त्यानंतर नाच सुरू होतो.

साखळीनाच

या बेटांवरची जपून ठेवलेली सर्वात मौल्यवान गोष्ट हीच, असे ठामपणे म्हणता येते. मध्ययुगात युरोपभर चालणारा साखळीनाच इतरत्र जवळपास संपला, इथे तो टिकला. वाद्य एकही नाही. शेकडो कडव्यांची कथागीते, ‘क्वेदी’, तोंडपाठ गायची आणि पावलांनी ताल धरायचा. सिगुर्द हा दंतकथेतला वीर आणि त्याने मारलेला अजगर यांची कथा यातूनच शतकानुशतके चालत आली. फॅरोची भाषा लिहायची सर्वमान्य पद्धत १८४६ पर्यंत नव्हती. तोवर ही गीते माणसांच्या स्मरणात आणि पायांत होती. ओलाव्सोका सोडून खरा हंगाम नाताळपासून लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, आधीपर्यंत. गावोगाव नाचमंडळे असतात, त्यांच्या सरावाला पाहुण्यांना बहुधा आनंदाने घेतात.

पावले अशी:

१. वर्तुळात मध्याकडे तोंड करून उभे राहा. दोन्ही बाजूंच्या माणसांचे हात धरा, कोपरे वाकवून.
२. डावा पाय डावीकडे, उजवा त्याला जोडा.
३. पुन्हा डावा पाय डावीकडे, उजवा जोडा.
४. उजवा पाय उजवीकडे, डावा जोडा.
५. हेच पुन्हा. दोन पावले पुढे, एक मागे, त्यामुळे साखळी हळूहळू घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सरकते.

ऐकायला सोपे आहे आणि शिकायलाही पाच मिनिटे पुरतात. बिघडते ते चौथ्या पावलाला. डावीकडची दोन पावले मोठी टाकली की मागे यायला जागा उरत नाही, तुम्ही डाव्या शेजाऱ्यावर आदळता आणि उजव्याचा हात ओढला जातो. तो ताण साखळीत चार माणसांपलीकडे जाणवतो. पावले वीतभरच टाका. पायांकडे पाहू नका, समोरच्या माणसाच्या खांद्याकडे पाहा. हाताचे वजन शेजाऱ्यावर टाकू नका, दहा मिनिटांनी त्याचा खांदा भरून येतो.

गाणे चालवणारा ‘स्किपारी’ कडवे सुरू करतो, ध्रुपद सगळे म्हणतात. कडवी येत नसली तरी ध्रुपद तिसऱ्या-चौथ्या वेळी ओठांवर येते. तेवढे जोरात म्हणा. कथेत लढाई आली की पावले लाकडी जमिनीवर दणदणतात, दुःखाचा प्रसंग आला की आवाज उतरतो. चेहऱ्यावर गंमतीचा भाव ठेवून नाचू नका. समोरची माणसे कथा सांगत असतात. जागा कमी पडली की साखळी स्वतःच्या आत वळते, मग समोरून चेहरे एकामागून एक जवळून सरकत जातात. नजर चुकवू नका, तो नाचाचा भागच आहे.

आत शिरायचे तर कडवे संपताना दोन माणसांच्या जोडलेल्या हातांवर हलकेच हात ठेवा, ते जागा करतात. स्किपारीच्या अगदी शेजारी शिरू नका, तिथे गीत पाठ असलेली माणसे लागतात. बाहेर पडतानाही कडवे संपू द्या आणि जाताना दोन्ही शेजाऱ्यांचे हात एकमेकांत देऊन मग निघा. फोन खिशात ठेवा. एक हात सुटला की साखळी तुटते.

परतीपूर्वी

स्वेटर घ्यायचा असेल तर हाताने विणलेला घ्या, आणि न रंगवलेली नैसर्गिक लोकर मागा: काळी, पांढरी, राखी, तपकिरी. किंमत जास्त वाटेल, पण एका स्वेटरमागे कित्येक दिवसांचे विणकाम असते. तिथल्या लोकरीत मेंढीच्या अंगचे तेल बरेच उरते, त्यामुळे ती पाणी झटकते आणि सुरुवातीला थोडी टोचते. थंड पाण्यात, लोकरीच्या साबणाने, न पिळता धुवा आणि आडवी पसरून वाळवा. गरम पाणी लागले की आटते आणि पुन्हा ताणून मोठी होत नाही.

पैशांचे शेवटचे काम विसरू नका. फॅरोच्या नोटा वेगळ्या आहेत, त्यांच्यावर बेटांची जलरंगचित्रे आहेत. किंमत डॅनिश क्रोनरइतकीच, आणि डॅनिश नोटाही तिथे चालतात. पण फॅरोच्या नोटा बाहेर कुठे बदलून मिळणे अवघड. नाणी डॅनिशच असतात. उरलेल्या नोटा तोर्सहाव्नच्या बँकेत डॅनिश नोटांत बदलून घ्या, आणि बँका शनिवार-रविवारी बंद असतात हे लक्षात ठेवून ते काम शुक्रवारी दुपारच्या आत उरका.